पुरानंतरचा अकरावा दिवस

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांचीही रेषा मागे टाकली, तेव्हा मी नदीकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. पाणी ओसरू लागल्यावर प्रत्येक गावातील साथीची जोखीम ‘कमी’, ‘मध्यम’ की ‘जास्त’ हे ठरवून तालुक्याला कळवायचे होते. एका गावात पूर शिरल्याच्या अकराव्या दिवशी तापाचे तीनच रुग्ण होते आणि जुलाबाचा एकही नव्हता, म्हणून आशाताईंचे रजिस्टर पाहून मी ‘कमी’ असे लिहूनही टाकले.

परतताना एका गोठ्यापाशी साठीचे एक शेतकरी अनवाणी पायांनी घोटाभर रेंदा फावड्याने ओढताना दिसले. त्यांच्या टाचांच्या भेगांत गाळ रुतून काळ्या रेघा उमटल्या होत्या.

“चप्पल का नाही घातली, बाबा?”

“रेंद्यात चप्पल ऱ्हातीया व्हय, मॅडम? आन् गोठा आज न्हाय काढला तर जनावरं बांधू कुठं?”

लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून पुराच्या पाण्यात व ओल्या मातीत उतरतात आणि अशाच भेगांतून शरीरात शिरतात; ताप मात्र बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. छावणीतून परतलेले लोक गोठे साफ करू लागले होते ते कालपरवापासून, आणि मी मोजले होते ते त्याआधीचे रुग्ण. मी तशीच निघून गेले असते, ही जाणीव मला आजही अस्वस्थ करते.

मग नळही पुन्हा तपासले. गावाच्या टोकाच्या नळाचे पाणी क्लोरीन तपासायच्या ओटी चाचणीत जराही पिवळे झाले नाही, म्हणजे त्यात क्लोरीन उरलेच नव्हते. पाणी शुद्ध करायच्या टीसीएलचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, पोते उघडले, तर ओल लागून पावडरीची ढेकळे झाली होती आणि नाकाला झोंबणारा वास उरला नव्हता.

मी ‘कमी’ खोडून ‘जास्त’ लिहिले. तीन रुग्णांवर ‘जास्त’ कसे, असे तालुक्याहून विचारले गेले, तेव्हा मी जनावरे असलेल्या घरांची संख्या सांगितली. संध्याकाळपर्यंत टीसीएलचे नवे पोते आले. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले वगळून, गाळ उपसणाऱ्यांना लेप्टो टाळण्यासाठी आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची २०० मिलिग्रॅमची मात्रा द्यायचे ठरले.

“ताप न्हाय, तर गोळी कशाला?” बाबांनी विचारले. त्यांची भाकरी खाऊन होईपर्यंत मी ओसरीवर बसून समजावत राहिले. त्यांनी उकळून गार केलेल्या तांब्याभर पाण्यासोबत दोन्ही कॅप्सूल घेतल्या आणि आशाताईंनी त्यांच्या नावापुढे पुढच्या १४ दिवसांचे रकाने आखले.