आज जुळ्यांचे ३६ आठवडे भरले
परभणीहून नांदेडला तपासणीला जाऊन आले, कंबर नुसती ठणकतेय, रात्री कुशीवर वळायचं तरी ह्यांना उठवावं लागतंय. सोनोग्राफीत पहिल्याचं डोकं खाली, दुसरं आडवं. डॉक्टर मॅडम म्हणल्या दोघांची वार (नाळ जिला जोडलेली असते ती) वेगवेगळी आहे, बीपी पण ठीक, म्हणून ३७ होऊ देऊ, पण ३८ च्या पुढं थांबायचं नाही, जुळ्यात त्यानंतर पोटातच धोका वाढतो. वार एकच असती तर आत्ताच बाळंतपण करावं लागलं असतं म्हणे.

सासूबाई म्हणतात पौर्णिमा होऊ दे, माय म्हणते नऊ महिने पूर्ण भरू दे. दोघींची माया कळते मला, पण मी मॅडमचंच ऐकणार.

बॅग दारातच ठेवलीय. संध्याकाळी उजवीकडचं लई वेळ गप्प होतं, जीव टांगणीला, दवाखान्यात निघायला चप्पल घातली अन् तेवढ्यात हललं, पाठोपाठ दोन-तीन लाथा, मला रडूच आलं. तरी जाऊन ठोके तपासून आलो, दोघांचे चांगले आहेत.