कडेवर नाव नसलेली सात पदकं

पदकांचा संच पुढ्यात आला की मी आधी कडा बघतो. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांवर माणसाचं नाव कोरलेलं सापडतं. दुसऱ्या महायुद्धाचे स्टार (मोहिमांसाठीची ताऱ्याच्या आकाराची पदकं) आणि इतर पदकं ब्रिटनने आपल्या सैनिकांना कोरी दिली; ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेने मात्र नावं कोरली. हा संच रॉयल आर्टिलरीतल्या, विमानविरोधी तोफांवरच्या एका मेजरचा म्हणून आला होता. त्यात शौर्यासाठीचा मिलिटरी क्रॉस, १९३९-४५ स्टार, 'एट्थ आर्मी'ची (उत्तर आफ्रिकेत लढलेल्या ब्रिटिश आठव्या सैन्याची) पट्टी असलेला आफ्रिका स्टार, इटली स्टार, डिफेन्स मेडल, फितीवर कांस्याचं ओकचं पान असलेलं वॉर मेडल आणि टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ राखीव सैन्यातल्या, अधिकाऱ्यांना दीर्घ सेवेबद्दल मिळणारं एफिशियन्सी डेकोरेशन होतं. सोबत नावाची चिठ्ठी. चिठ्ठी काय, कुणीही लिहितं.

धातूवर अस्सल म्हणावा असा मजकूर दोनच जागी मिळाला. क्रॉसच्या मागे खालच्या भुजेवर वर्ष कोरलेलं असतं (ही पद्धत १९३८ पासूनची), आणि एफिशियन्सी डेकोरेशनच्या मागेही तसंच वर्ष. ही दोन वर्षं लिहून घेतली आणि मगच लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, उघडलं. उलट क्रमाने गेलं की डोळा हवं ते वाचतो.

गॅझेटमध्ये आडनावाने शोधणं म्हणजे वेळ घालवणं. जुन्या छपाईचं संगणकाने केलेलं वाचन अक्षरं चुकवतं, आणि एकाच आडनावाचे डझनभर अधिकारी निघतात. नावापुढे कंसात छापलेला वैयक्तिक क्रमांक पकडावा. हा माणूस आधी शिपाई असेल तर त्याचा जुना क्रमांक वेगळा असतो. अधिकारी होताना नवा मिळतो. दोन क्रमांक दिसले म्हणून दोन माणसं समजू नयेत. हुद्दाही जोडीने येतो: 'कॅप्टन (टेम्पररी मेजर)'. पुरवणीच्या मथळ्यावर दोन तारखा असतात, त्यातली प्रकाशनाची नोंदवायची. क्रॉसवरचं वर्ष तिच्याशी जुळलं पाहिजे.

गॅझेटमध्ये शौर्याची हकिगत बहुधा नसते, फक्त 'इटलीतील शौर्यपूर्ण व विशेष सेवेबद्दल' अशा धर्तीची ओळ. हकिगत असते शिफारसपत्रात. ही पत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ३७३ या मालिकेत आहेत आणि नावाने शोधून उतरवून घेता येतात. नमुना डब्ल्यू ३१२१ या फॉर्मवर ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर अशा पायऱ्यांचे रकाने असतात. कुठे कुठला सन्मान सुचवला आणि वर काय मंजूर झालं, हे त्यावरच्या खाडाखोडीतून कळतं, म्हणून केवळ टंकलेला मजकूर नाही तर समासही वाचावा. ओकचं पान म्हणजे 'मेन्शन्ड इन डिस्पॅचेस', सेनापतीच्या अहवालात नावाचा उल्लेख. त्याचं शिफारसपत्र सहसा मिळत नाही, गॅझेटमधल्या यादीतल्या नावावर भागवावं लागतं. कितीही वेळा उल्लेख झाला तरी पान एकच.

खरी कसोटी पात्रतेची. विमानविरोधी अधिकाऱ्याच्या संचात इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. लंडनवर बॉम्ब पडत असताना रात्रभर ३.७ इंची तोफा चालवल्या, १९४४ मध्ये उडते बॉम्ब पाडले, तरी ती सेवा मायदेशातली. तिला १९३९-४५ स्टार नाही. तीन वर्षं भरली तर डिफेन्स मेडल, आणि २८ दिवसांवर वॉर मेडल. मला हा नियम अन्यायाचाच वाटतो, पण नियम तो. अशा माणसाच्या स्टारवर 'बॅटल ऑफ ब्रिटन' पट्टी दिसली तर ती नंतर कुणीतरी लावलेली. ती फक्त हवाई दलाच्या फायटर कमांडच्या वैमानिक-चमूंसाठी होती.

या संचात दिवस मोजावे लागले. युद्ध ३ सप्टेंबर १९३९ ला सुरू झालं. अधिकारी १९४२ च्या सप्टेंबरआधीच जहाजावर चढला असेल तर तोवर मायदेशात तीन वर्षं होत नाहीत, मग डिफेन्स मेडलसाठी त्याची पुढची सेवा तपासावी लागते. 'एट्थ आर्मी'ची पट्टी त्याहून कडक: २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात त्या सैन्यात असायला हवं. १९४१ मध्ये टोब्रूकच्या वेढ्यात बंदरावर तोफा चालवून आधीच परतलेल्याला आफ्रिका स्टार मिळतो, पट्टी नाही. हेच माल्टाचं: तिथल्या सेवेलाही आफ्रिका स्टार, पण तेवढ्यावर पट्टी नाही. आणखी एक खूण: '८' हा छोटा आकडा फक्त गणवेशावरच्या नुसत्या फितीवर लावतात. पूर्ण पदकाच्या फितीवर शिवलेली पट्टी असते. दोन्ही एकत्र दिसले तर कुणीतरी हौस केली आहे.

तारखा जुळवायला युनिटची वॉर डायरी, म्हणजे युद्धकाळातली रोजची नोंदवही, लागते: मायदेशासाठी डब्ल्यूओ १६६, मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७०. इथे रेजिमेंटचा क्रमांक पुरेसा नाही. ५७ वी हेवी आणि ५७ वी लाइट या दोन वेगळ्या रेजिमेंट; एकीकडे जड तोफा, दुसरीकडे ४० मिमी बोफोर्स. नुसतं '५७' लिहिलेल्या कागदावर विसंबलं की भलत्याच आघाडीची डायरी हाती येते.

फिती शेवटी. १९३९-४५ स्टार आणि आफ्रिका स्टार या दोन्हींत गडद निळा पट्टा डाव्या खांद्यापासून लांब, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे हवा. या संचात आफ्रिका स्टारची फीत उलटी होती, म्हणजे मांडणी नंतरची. अतिनील दिव्याखाली क्रॉसच्या फितीतला पांढरा भाग निळसर चमकला. चमक आणणारी रसायनं युद्धानंतरच्या धाग्यात येतात. पण जुनी फीत डिटर्जंटने धुतलेली असली तरीही ती चमकते, म्हणून एवढ्यावरून निकाल देत नाही. एफिशियन्सी डेकोरेशन क्रॉसच्या शेजारी बसवलं होतं. 'डेकोरेशन' या शब्दाने लोक फसतात. त्याची जागा युद्धपदकांनंतर, म्हणजे या संचात अगदी टोकाला. मांडणी बदलली, जुन्या फिती वेगळ्या पाकिटात ठेवल्या.

पॉलिशला हात लावला नाही. स्टार तांब्याच्या मिश्रधातूचे असतात. पॉलिश मुकुटाच्या खाचांत पांढरं वाळतं आणि दरवेळी थोडी नक्षी घेऊन जातं. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी आम्लरहित कागद वापरला.

नोंदपत्रावर लिहिलं: 'पदकं अनामांकित. क्रॉस व एफिशियन्सी डेकोरेशनवरची वर्षं गॅझेटशी जुळतात. स्टार व पट्टी वॉर डायरीतल्या तारखांशी सुसंगत. फिती व मांडणी नंतरची.' 'त्याचीच पदकं' असं कुठेही लिहिलं नाही.