दम होता, पाय नव्हते

विसर्जन होऊन पाच दिवस झाले होते, तरी पुण्यात मांडवांचे बांबू अजून रस्त्याच्या कडेला रचलेले होते. 22 सप्टेंबर 2024, रविवार. दहा किलोमीटरच्या रेसच्या फिनिश लाइनपाशी मी फोन धरून उभी. घड्याळ एकतीस मिनिटांच्या पुढे सरकलं तरी आमचे हवालदार दिसेनात.

हवालदार म्हणजे माण तालुक्यातले, सतरा वर्षं सैन्यात काढून निवृत्त झालेले. वय 37. सैन्यात असताना राष्ट्रीय स्पर्धांमधून दहा हजार मीटर पळायचे. आता सकाळी गावातल्या भरतीच्या पोरांना पळवतात आणि सप्टेंबर ते जानेवारी बक्षिसाच्या रेसा करतात. मी फिजिओ. गेली चार वर्षं त्यांचा डावा अकिलिस (पोटरीला टाचेशी जोडणारी शीर) माझ्या ताब्यात आहे, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

शेवटी आले. 31:32, अकरावा नंबर. पुढच्या दहा जणांत एक त्यांच्याच हातचा पोरगा होता. आठच महिन्यांपूर्वी, जानेवारीत, त्यांचं 29:58 आलं होतं.

फुटपाथवर बसून त्यांनी बूट काढले, दोन्हींच्या नाड्या एकमेकींत बांधल्या आणि बाजूला ठेवले. रेसनंतर बूट असे बांधून ठेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“बास झालं मॅडम. हे बूट भाच्याला द्यायचे. पॅरिस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला, दोनदा सुवर्ण जिंकलेला किपचोगेसुद्धा चालायला लागला, आपण कोण लागून गेलो?”

मी शहाणपणा करायला गेले. म्हटलं, त्याच मॅरेथॉनमध्ये इथिओपियाच्या 42 वर्षांच्या बेकेलेनं रेस पूर्ण केली, 39वा आला. आणि एप्रिलमध्ये तोच लंडनला 2:04:15 मध्ये दुसरा होता.

“म्हणजे चार महिन्यांत त्योबी गेलाच की.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं तर मलाही आतून तेच वाटत होतं. सदतीस म्हणजे सदतीस. व्यायाम चालू ठेवला तरी वयाबरोबर ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता घटते, हृदयाचा कमाल वेग घटतो, हे आम्ही कॉलेजातच शिकतो. पण मग हृदयाचे ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यावरचे आकडे फोनवर उतरवले आणि थबकले. जुलैत ट्रेडमिलवर त्यांचा कमाल ठोका 181 मोजला होता. असा मुरलेला गडी दहा किलोमीटरच्या रेसमध्ये कमाल ठोक्याच्या नव्वद टक्क्यांच्या वर पळतो. यांची सरासरी होती 157, म्हणजे सत्त्याऐंशी टक्के. ज्याचा दम संपलाय त्याचे आकडे असे नसतात. विचारलं, “धाप किती लागली?” म्हणाले, “धाप कुठली? पायच पुढं जाईनात. टेम्पोत मागं बसल्यासारखं वाटत होतं.”

मिसळ खायला बसलो. (रेसनंतर मिसळ खाऊ नये असं मी पेशंटना सांगते. स्वतः खाते.) हवालदार वही लिहितात हे मला माहीत होतं, एसटीच्या तिकिटासकट सगळं शाळेच्या दोनशे पानी वहीत. जुन्या वह्या गावी होत्या. वहिनींना फोन लावून म्हटलं, दर वर्षीची पहिली रेस ज्या पानावर असेल त्याचा फोटो पाठवा.

त्या हसायलाच लागल्या. “पहिल्या रेसनंतर दर साली हेच नाटक असतंय मॅडम. गेल्या साली बूट भाच्याला दिलं बी होतं. दिवाळीत परत मागून आणलं.”

हवालदार पावाकडे बघत राहिले.

फोटो येत गेले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात वहिनींचा अंगठा, एका पानावर पाण्याचा मोठा डाग. मिसळीच्या टेबलावर टिश्यू पेपरवर मी उतरवून काढलं. 2014, वय 27: पहिली रेस 29:41, तीन आठवड्यांनी दुसऱ्याच रेसला हंगामातलं सर्वोत्तम, 29:20. 2018: पहिली 30:05, सर्वोत्तम 29:28, तिसऱ्या रेसला. 2023, वय 36: पहिली 31:10, आणि 29:58 यायला पाचवी रेस उजाडली, जानेवारी लागला. म्हणजे नऊ वर्षांत सर्वोत्तम वेळ घसरली अडतीस सेकंदांनी. पहिल्या रेसची वेळ घसरली एकोणनव्वद सेकंदांनी.

दोन ओळी शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा मला तो प्रकार पहिल्यांदा दिसला. मी चार वर्षं त्यांना तपासत होते, पण दर सप्टेंबरला तुलना कशाशी करत होते? आधीच्या जानेवारीशी. हवालदारही तेच करत होते. पहिली रेस पहिल्या रेसशी लावून बघायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. तशी लावली तर आजचे 31:32 गेल्या वर्षीपेक्षा बावीस सेकंदांनी मंद होते. वाईट, पण बूट देऊन टाकण्याएवढे नाहीत.

पण अंतर एवढं वाढलं कशानं? मग व्हिडिओ काढला. सहाव्या किलोमीटरला माझ्या एका विद्यार्थ्यानं स्लो मोशनमध्ये घेतला होता. फ्रेम पुढेमागे करत पावलं मोजली: मिनिटाला 182. जानेवारीच्या व्हिडिओत 184 होती, म्हणजे जवळपास तेवढीच. पण वेगाला पावलांनी भागलं तर जानेवारीत एक पाऊल साधारण 1 मीटर 81 सेंटिमीटरचं होतं, आज 1 मीटर 74. दर पावलाला सात सेंटिमीटर गेले होते. दहा किलोमीटरात दोनशेच्या वर जास्तीची पावलं.

हे सात सेंटिमीटर पोटरीतून येतात. वय वाढतं तसं पळणाऱ्याच्या पावलांची संख्या फारशी बदलत नाही, पाऊल आखूड होतं, कारण घोट्यातून मागे रेटायची ताकद आधी कमी होते. स्नायूतले झटकन आकसणारे तंतू वयानं आधी झिजतात. मैलोन्‌मैल सावकाश पळून दम टिकवता येतो, पण त्या तंतूंना त्यातून काही काम मिळत नाही. हवालदार जूनमध्ये बाजरीच्या पेरणीला गेले की पाच आठवडे पळत नाहीत. त्यात चूक काही नाही; अमेरिकेचा धावपटू बर्नार्ड लगाट दरवर्षी हंगाम संपला की पाच आठवडे बूटच घालायचा नाही, आणि 41व्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटरला पाचवा आला. सुट्टीनंतर दम काही आठवड्यांत परततो. रेटा मात्र चाळिशीकडे झुकल्यावर आपणहून परतत नाही, त्याला बोलावून आणावं लागतं. सत्ताविशीत एक रेस मारली की पाय उघडायचे. आता चार मारल्यावर उघडतात, म्हणजे त्या चार रेसा हेच त्यांचं स्पीड वर्क, म्हणजे वेगाचा सराव, झालं होतं.

आणि सराव म्हणून स्पीड वर्क का नव्हतं? कारण ते मी बंद केलं होतं. तीन वर्षांपूर्वी अकिलिस सुजला तेव्हा मी चढावरचे स्प्रिंट, उड्या, छोट्या अंतराच्या वेगवान फेऱ्या, सगळ्यावर फुली मारली. सूज उतरली. फुली तशीच राहिली. अकिलिस शांत आहे म्हणून मी दर वर्षी स्वतःची पाठ थोपटत होते.

ते त्यांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी तर्रीची वाटी पुढे ओढली आणि म्हणाले, “म्हणजे वय नाही, तुम्ही?”

“वयपण आहे. अडतीस सेकंद वयाचे. ते परत यायचे नाहीत.”

“आणि बाकीचे?”

“त्यातले काही माझे.”

त्या दिवशीच कार्यक्रम लिहून दिला. आठवड्यातून दोनदा गावाजवळच्या चढावर आठ-आठ सेकंदांचे सहा स्प्रिंट, प्रत्येकानंतर पूर्ण विश्रांती; चढावर, कारण सपाटीपेक्षा तिथे वेग कमी राहतो आणि पाय आपटत नाही. एक दिवसाआड एका पायावर वजन घेऊन टाचा उचलणं, सावकाश. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं अकिलिस दुखला तर त्या दिवशी स्प्रिंट नाही, आणि हे मला फोन करून सांगायचं, लपवायचं नाही. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. सैन्यातला माणूस दुखणं लपवण्यात तरबेज असतो.

दोन वेळा फोन आला. एकदा वहिनींचा, “सकाळी लंगडत होते, तुम्हाला सांगू नको म्हणाले.” आठवडाभर स्प्रिंट थांबवले.

27 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, दुसरी रेस झाली. 30:48. वही उघडून गेल्या वर्षीची दुसरी रेस बघितली: 30:50. पावलाची लांबी मोजली तर 1 मीटर 77 भरली. दोन सेकंदांत आनंद मानावा की नाही, यावर आमचं एकमत झालेलं नाही. माझं म्हणणं, वय एकानं वाढलंय आणि वेळ वाढलेली नाही. त्यांचं म्हणणं, त्या दिवशी हवा गार होती.