चुन्याचा हात

ग्रीसच्या सायक्लेडीस बेटांचं चित्र आपल्या डोळ्यांत पक्कं बसलेलं आहे. पांढरी घरं, निळं दार, भिंतीवर झेपावलेली बोगनवेल. यातली बोगनवेल मूळची ब्राझीलची, निवडुंग मेक्सिकोचा आणि खिडकीतलं जिरेनियम दक्षिण आफ्रिकेचं. गावाचं स्वतःचं म्हणावं असं त्या चित्रात उरतं ते दगड, चुना आणि वारा.

फोलेगान्द्रोस या छोट्याशा बेटावरचं मुख्य गाव घ्या. नाव खोरा. आपलं खोरं दरीत असतं, हे मात्र थेट कड्याच्या टोकावर आहे. गावाचा सगळ्यात जुना भाग म्हणजे कास्त्रो. तिथे वेगळा तट बांधलेलाच नाही; एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या मागच्या भिंती हाच तट. सगळी दारं आत, गल्लीकडे. बाहेरून जिना, वर लाकडी सज्जा, जिन्याच्या पायरीपायरीवर कुंड्या. कुंड्या कसल्या, बहुतेक तेलाचे रिकामे डबे, चुना फासलेले. डालडाच्या डब्यात तुळस लावणाऱ्यांना हे परकं वाटू नये, कारण त्या डब्यांतही पुष्कळदा तुळशीची बारीक पानांची बहीण असते.

जुनी छपरं सपाट. लाकूड दुर्मिळ, म्हणून रानटी जुनिपर या झुडपाच्या वाकड्यातिकड्या फांद्यांचे वासे, त्यावर बोरू किंवा दगडी चिपा, वर वाळलेलं समुद्री गवत आणि शेवटी चोपून बसवलेली चिकणमाती. खानदेशात किंवा मराठवाड्यात धाब्याच्या घरात राहिलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही: पावसाआधी माती दाबली नाही की ठिबकलंच. वासे लहान, म्हणून खोल्या अरुंद. खोल्या अरुंद, म्हणून घरं ठोकळ्यांसारखी. चित्रकार ज्या भूमितीवर खूश होतात तिचं मूळ या आखूड वाशांत आहे.

आता चुना. चुनखडी किंवा संगमरवर नऊशे अंशांच्या आसपास भाजला की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातलं की तो उकळतो, फुटतो, विरतो. विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका चांगला, निदान काही आठवडे तरी. घाई केली तर न विरलेले कण भिंतीवर गेल्यावर फुगतात आणि टिकलीएवढे खड्डे पाडतात. लोण्यासारख्या मुरलेल्या चुन्याच्या एका भागाला दोन-तीन भाग पाणी घालून, फडक्यातून गाळून, पातळ दुधासारखं करायचं. डोळे मात्र जपायचे, कारण चुना डोळ्यात गेला तर भाजतो.

नवशिक्याचं चुकतं ते इथे. ओला चुना भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही, खालचा दगड तसाच राखाडी. मग माणूस घाबरतो आणि दाट हात मारतो. वाळल्यावर तो पांढराशुभ्र होतो खरा, पण पुढच्या हिवाळ्यात त्याचे पोपडे निघतात. जाणता माणूस आधी भिंत ओली करतो, पातळ हात देतो, थांबतो, उद्या दुसरा देतो. कोरड्या, तापलेल्या भिंतीवर दिलेला चुना जीवच धरत नाही, टेकलेल्या पाठीवर उतरतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा पुन्हा दगड व्हायला ओल लागते. म्हणून रंगकाम ईस्टरच्या आधी. सणाची तयारी होते आणि हवाही सौम्य असते. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तेव्हा कुंचा हातात धरण्यात अर्थ नाही.

वर्षाला एक हात, अशी शंभर वर्षं. कोपरे बोथट होतात, पायरीची कड पोळीच्या कडेसारखी गोलावते, दोन भिंतींमधली खाच बुजते. शेजारच्या मिकोनोस बेटावरचं पारापोर्तियानी चर्च म्हणजे एकमेकांत मिसळलेली पाच छोटी चर्चं. आज ते कुणी हाताने थापल्यासारखं दिसतं. सोपं म्हणून प्लास्टिक पेंट लावला तर हे संपतं. चुना श्वास घेतो, पेंट घेत नाही. भिंतीतली ओल अडकते आणि फुगे धरून सोलपटं निघतात. असा पेंट विकत घेणाऱ्याला खरा चुना लागतो तो म्हणीतला.

निळ्याची गंमत वेगळी. बादलीत चिमूटभर नीळ टाकली की चुन्याचा पिवळटपणा मरतो, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. तीच नीळ ग्रीक घरांत कपड्यांसाठी असायची आणि तिथूनच भिंतीवर गेली. तिचं ग्रीक नाव लुलाकी. हा शब्द अरबी आणि फारसीतून मागे मागे गेला की संस्कृत ‘नील’पाशी पोचतो. ही अल्ट्रामरीन नीळ चुन्याच्या तिखटपणाला टिकते. प्रशियन निळा हा दुसरा निळा रंग टिकत नाही, तपकिरी पडतो. पण चुना मुळातच पांढरा, त्यात नीळ कितीही घाला, रंग फिक्या आभाळापलीकडे जात नाही आणि जास्त झाली तर हाताला लागते. चित्रांतली गडद निळी दारं तैलरंगाची. आणि सगळी दारं निळी नसतातच, हिरवी आणि तांबडीही पुष्कळ असतात, फक्त कॅलेंडरवर येत नाहीत.

फोटो काढणाऱ्यांनी दुपार टाळावी. कॅमेरा पांढऱ्या भिंतीला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, एक टप्पा वाढवावा लागतो.

गल्लीतल्या काळ्या फरश्यांच्या सांध्यांवरही चुन्याच्या पट्ट्या ओढतात, फरशीचं पोट उघडं ठेवून. अंधारात पायरीची कड दिसते, हा त्याचा उपयोग. हे काम गल्लीकडून सुरू करून मागे सरकत उंबऱ्यापर्यंत आणायचं. उलटं केलं तर आपण बाहेर आणि ओल्या पट्ट्या मध्ये. मांजराला हा नियम कुणी शिकवलेला नसतो. सकाळी फरशीवर, गौरीच्या पावलांसारखी, छोट्या पांढऱ्या पंजांची रांग थेट दारापर्यंत गेलेली असते.