गिरगाव-काळबादेवीत खावे कुठे? तुम्ही विचारलेत म्हणून

माझे बालपण गिरगावात गेले हे कळले, की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : "आम्ही एक दिवस त्या भागात पायी हिंडणार आहोत, तर खावे कुठे आणि जुनी दुकाने कोणती बघावीत?" त्यांना पाच-सहा नावांची यादी हवी असते. नावे मी सांगते, पण त्याआधी एक गोष्ट ऐकून घेण्याचा आग्रह धरते. या भागातले बरेचसे जुने खाणे घरदार मागे ठेवून मुंबईत एकट्याने आलेल्या पुरुषांसाठी सुरू झाले. कुठले दुकान कोणासाठी उघडले होते हे ठाऊक असले, की तिथे काय मागवावे आणि किती वेळ बसावे हे मग वेगळे विचारावे लागत नाही.

माझे वडील सतराव्या वर्षी राजापूरकडून आले आणि मुगभाटात गाववाल्यांच्या खोलीत राहू लागले. दहा-बारा जणांच्या त्या खोलीत चूल मांडण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नापर्यंतची आठ वर्षे ते जवळच्या एका खाणावळीचे मासिक मेंबर होते. गावी गेलेल्या दिवसांचे खाडे महिनाअखेरीस हिशेबातून वजा होत. रविवारी दुपारी फीस्ट असे आणि रात्री खाणावळ बंद. ही सवय त्यांच्यात इतकी मुरली होती, की पुढे आमच्या घरीही रविवारी रात्री चूल पेटत नसे. दुपारचे उरलेले असेल त्यावर भागत असे, आणि त्यात काही वेगळे आहे हे मला सासरी गेल्यावर कळले.

सुरुवात धोबी तलावापासून करावी. तलाव कधीच बुजवला गेला, नाव तेवढे उरले. तिथल्या जेर महाल या इमारतीत तळमजल्यावर 1904 साली सुरू झालेले कयानी हे इराणी हॉटेल आहे. बन मस्का, खारी, मावा केक आणि चहा एवढे पुरे. मात्र बाहेर पडल्यावर मान वर करून त्या इमारतीच्या वरच्या मजल्यांकडे पाहावे. तिथे गोव्यातल्या गावांचे क्लब आहेत, ज्यांना गोंयकार 'कूड' म्हणतात. बोटीवर काम करणारा गोव्याचा माणूस पुढची बोट मिळेपर्यंत आपल्या गावाच्या कुडीत उतरत असे. भिंतीलगत प्रत्येकाची ट्रंक, एका बाजूला वेदी आणि संध्याकाळी सर्वांची मिळून प्रार्थना. खाली इराणातून आलेला दुकानदार, वर गोव्याहून आलेला खलाशी आणि समोरच्या रस्त्याने गिरगावातल्या खोलीकडे जाणारा कोकणातला कारकून, असे तिघे परके एकाच नाक्यावर थोड्या पैशांच्या चहाने सांभाळले जात होते.

तिथून काळबादेवी रस्त्याला लागावे. वाटेत प्रिन्सेस स्ट्रीट आडवा येतो. 1896 च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून असे रुंद रस्ते कापून काढले. त्यामुळे इथे एक रस्ता सरळ आणि मोकळा असतो, आणि त्याला लागूनच दोन माणसे जेमतेम जातील अशी गल्ली असते. काळबादेवीची भोजनालये शोधायची तर पाटी वाचून जिना चढावा लागतो. कच्छ, काठेवाड आणि मारवाडातून आलेली तरुण मुले पेढीवर गुमास्ते म्हणून राहत आणि पुष्कळदा रात्री त्याच गादीवर झोपत. त्यांना रोज दोन वेळा घरासारखे, शाकाहारी आणि पोटभर जेवण हवे असे. 1945 पासून चालत आलेले ठाकर भोजनालय याच परंपरेतले. फरसाण, रोटली, दाळ आणि कढी वाढणारे हात तुमचे ताट रिकामे राहू देत नाहीत, म्हणून सकाळी इराण्याकडे हात आखडता घेतलेला बरा.

दुकानांत मंगलदास मार्केटच्या कापडाचे आकर्षण सर्वांनाच असते. मी मात्र मुंबादेवीच्या पुढे तांबाकाट्यापर्यंत जाण्याचा हट्ट धरते. तांब्या-पितळेची भांडी इथे वजनावर विकली जातात आणि जुनी भांडी वजनावरच मोडीत घेतली जातात. 'काटा' हा त्या तराजूचाच. गावाहून बायकोला आणायचे ठरले, दीड खोली भाड्याने मिळाली, की खाणावळ सुटत असे आणि पहिली खरेदी इथे होत असे. माझ्या वडिलांनीही आईच्या येण्याच्या आठवड्यात इथूनच एक पितळी पातेले घेतले होते. आई गेल्यावर ते मोडीत घालायला मी तांबाकाट्यावर नेले, तेव्हा दुकानदाराने ते काट्यावर ठेवण्याआधी बोटाच्या पेराने वाजवून पाहिले आणि एवढ्या जाड पत्र्याचे पातेले आता मिळणार नाही, कल्हई करून वापरा, असे सांगून परत माझ्या हातात दिले. मी ते वापरते. खरेदी करायची नसली, तरी तिथे दहा मिनिटे उभे राहून ठोक्यांचा आवाज ऐकावा.

परतताना भुलेश्वरातून यावे. थंडीत तिथे वजनावर उंधियू मिळतो आणि कंदाची भजी गरम खाण्यासारखी असतात. 1834 साली स्थापन झालेला पांजरापोळ तिथेच आहे आणि एवढ्या गर्दीच्या मधोमध आजही गाई बांधलेल्या दिसतात. सी. पी. टँकवरून ठाकूरद्वारला आलात, की गिरगाव लागले. फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होममध्ये मिसळ खावी. पणशीकरांकडे पियूष प्यावे. खोताच्या वाडीतली जुनी लाकडी घरे बघावीत, पण ती राहती घरे आहेत हे ध्यानात ठेवून दारे-खिडक्यांत डोकावू नये. त्याच वाडीतले अनंताश्रम हे माशांच्या जेवणाचे ठिकाण बंद झाले, याची हळहळ मला अजून वाटते. कारण एकट्या माणसाला घरच्या चवीचे कालवण वाढणाऱ्या जागा आता हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. आता काळबादेवी आणि गिरगाव या दोन्ही ठिकाणी भुयारी मेट्रोची स्थानके झाली आहेत, त्यामुळे दमलात तर परतणे सोपे आहे.

शक्यतो शनिवारी यावे, कारण रविवारी मंगलदास मार्केट बंद असते. कापडी पिशवी जवळ ठेवावी. आणि एक विनंती : जेवायला दुपारी एक ते दोनच्या दरम्यान जाऊ नये. त्या तासात दुकानांतली आणि कचेऱ्यांतली माणसे अर्ध्या तासाच्या सुट्टीत जेवायला येतात, त्यांतले काही वर्षानुवर्षे तिथेच जेवतात आणि त्यांची बसायची जागाही ठरलेली असते. अडीचला गेलात, तर ताट तेच मिळेल आणि वाढणाऱ्यालाही तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असेल.