दोन भोकांची गाठ : लाकडी पाइप घडवण्याचा माझा पहिला अनुभव

तंबाखू ओढण्याचा लाकडी पाइप हाताने घडवायचा असे मी ठरवले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर केवळ त्याचा बाहेरचा आकार होता. वाटीचा भरीव गोलावा, तिच्या पोटातून निघालेली मान आणि मानेला जोडलेली, ओठांकडे निमुळती होत जाणारी काळी दांडी, एवढेच मला दिसत होते. मी स्वतः धूम्रपान करत नाही आणि तंबाखूच्या अपायाविषयी माझ्या मनात कसलाही संदेह नाही. मला ओढ होती ती लाकडाची. माझे एक ज्येष्ठ स्नेही अनेक वर्षांपासून पाइप वापरतात आणि जुने पाइप दुरुस्तही करतात. कोणी नवा पाइप दाखवला, की ते आधी त्याचा आकार पाहत नाहीत; दांडीच्या टोकातून पाइप साफ करण्याची मऊ तार आत सरकवतात आणि ती वाटीच्या तळाशी नेमकी कुठे बाहेर पडते ते पाहतात. ते असे का करतात हे उमगण्यासाठी मला एक अख्खा ठोकळा गमवावा लागला.

लाकूड निवडताना मात्र माझी चूक झाली नाही, कारण तिथे शतकभराहून अधिक काळाचा अनुभव हाताशी होता. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याच्या मुळाच्या आणि खोडाच्या सांध्यावर जमिनीत एक मोठी गाठ तयार होते. वणव्यात वरचे झुडूप जळून गेले तरी या गाठीतून नवे धुमारे फुटतात. या गाठीचे लाकूड म्हणजे ब्रायर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पाइपसाठी त्याचा वापर वाढला आणि फ्रान्सच्या ज्युरा पर्वतातील सें-क्लोद हे गाव या उद्योगाचे केंद्र बनले. गाठ उपटून आणल्यावर ती ओलसर ठेवतात, तिचे ठोकळे कापतात, ते कित्येक तास पाण्यात उकळून त्यांतला चीक काढून टाकतात आणि मग अनेक महिने सावलीत सावकाश वाळवतात. उकळणे राहिले तर चव कडवट लागते आणि घाईने वाळवले तर ठोकळा तडकतो. ऑलिव्ह, चेरी आणि पेअर यांच्या लाकडाचेही पाइप होतात. परंतु हाताशी आलेले कोणतेही लाकूड घेणे धोक्याचे आहे. ज्या लाकडाचा धूर श्वासात जाणार, ते विषारी नाही याची खात्री आधी हवी. कण्हेरीसारख्या झाडाचा तर विचारही करू नये.

नवशिक्यांसाठी आधीच भोके पाडलेला आणि दांडी बसवलेला ठोकळा मिळतो. पहिला पाइप अशाच ठोकळ्यापासून करावा, असे जाणकार सांगतात. मी तो सल्ला मानला नाही. ज्याला केवळ कानस चालवण्याचा आणि आकार काढण्याचा आनंद हवा आहे, त्याच्यासाठी तो ठोकळा उत्तम आहे, असे आजही माझे मत आहे. पण पाइप म्हणून पाइप जिथे ठरतो, तो भाग त्या ठोकळ्यात दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेला असतो.

तो भाग म्हणजे दोन भोकांची भेट. वाटीत वरून खाली जाणारे रुंद भोक, ज्यात तंबाखू भरायचा, ते साधारण १९ मिलिमीटर व्यासाचे आणि ३८ मिलिमीटर खोल असते. मानेकडून आडवे येणारे हवेचे भोक जेमतेम ४ मिलिमीटरचे असते. हे बारीक भोक वाटीच्या तळाशी, अगदी मधोमध आणि तळाला चिकटूनच उघडले पाहिजे. कागदावर हे दोन रेघांचे काम आहे. मी ठोकळ्याच्या बाजूवर पेन्सिलीने आकृती काढली, वाटीचे भोक आधी पाडून घेतले आणि मग हातातल्या ड्रिल मशीनला लांब बारीक बिट लावून मानेच्या बाजूने आत शिरलो. ब्रायरच्या रेषा सरळ चालत नाहीत. कुठे घट्ट, कुठे मऊ अशा त्या लाकडात लांब बिट वाकते आणि मऊ वाटेने सरकत जाते, हे मला बाहेरून कळण्याचा मार्गच नव्हता. वाटीत डोकावून पाहिले तेव्हा हवेचे भोक तळापासून ५ मिलिमीटर वर आणि डाव्या अंगाला उघडले होते.

मला वाटले, ५ मिलिमीटरने काय बिघडते? मी तो ठोकळा पुढे आठवडाभर घासून आकाराला आणला आणि अभिमानाने स्नेह्यांच्या हाती दिला. त्यांनी मऊ तार आत घातली, वाटीत पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "आकार चांगला जमला आहे तुम्हाला. पण भोकाखाली हा जो खड्डा राहिला आहे ना, त्यात ओल साचणार. तंबाखू जळताना वाफ होते, ती थंड होऊन इथेच बसेल आणि तळचा तंबाखू कधीच जळणार नाही." सिगारची राख पाण्यात कालवून तिचा लेप तळाशी भरण्याचा जुना उपाय त्यांनी सांगितला, पण तो जुन्या, झिजून खोल झालेल्या पाइपसाठी आहे, नव्या पाइपची सुरुवात डागडुजीने करू नये, असेही बजावले. तो पाइप मी कोणाला दिला नाही.

दुसऱ्या ठोकळ्याच्या वेळी मी सगळा क्रमच उलटा केला. आधी ठोकळ्याच्या बाजू गुण्या लावून काटकोनात आणल्या, कारण पुढचे प्रत्येक माप त्या बाजूंवरूनच घ्यायचे होते. हातातले मशीन बाजूला ठेवून उभे ड्रिल मशीन वापरले आणि ठोकळा वाईसमध्ये घट्ट आवळला. मानेच्या तोंडाशी दांडी बसवण्यासाठी ८ मिलिमीटर व्यासाचे, १९ मिलिमीटर खोल आणि सपाट तळाचे भोक पाडले. मग ठोकळा तसूभरही न हलवता फक्त बिट बदलले आणि त्याच मध्यातून हवेचे भोक पुढे नेले. ठोकळा एकदा सोडला की दोन्ही भोकांचा मध्य पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य असते. बारीक बिट मी दर काही मिलिमीटरनंतर पूर्ण बाहेर काढत होतो, कारण भुसा आत दाटला की बिट तापते आणि वाट सोडते. वाटीच्या मध्यरेषेपर्यंत पोहोचल्यावर थांबलो.

त्यानंतर वाटीचे भोक. त्यासाठी मी पसरट बिटाचे कोपरे घासून गोल केले होते, म्हणजे तळ वाटीसारखा गोलसर येतो. ३३ मिलिमीटरपर्यंत सलग गेलो आणि मग एकेक मिलिमीटर करून उतरू लागलो. प्रत्येक वेळी मानेच्या बाजूने विजेरीचा झोत टाकायचा आणि वाटीत पाहायचे. ३४ मिलिमीटरवर तळाशी उजेडाची एक बारीक कोर दिसली. ती हवेच्या भोकाची वरची कड होती. भोक ४ मिलिमीटरचे असल्याने आणखी ४ मिलिमीटर उतरलो आणि ३८ वर त्याची खालची कड तळाशी समपातळीत आली. आकाराचे काम अजून सुरूही झालेले नव्हते, पण ठोकळ्याच्या आत पाइप तयार झाला होता.

दांडी मी एबोनाइटची घेतली होती. एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेले रबर. कानस लावताच गंधकाचा उग्र वास येतो आणि उन्हात ठेवल्यास त्याचा काळा रंग हिरवट तपकिरी होतो. ॲक्रिलिकची दांडी रंग टिकवते, पण दातांना कठीण लागते. दांडीच्या टोकाचा जो बारीक भाग मानेत शिरतो, त्याला टेनन म्हणतात. माझे टेनन भोकापेक्षा किंचित जाड होते. पॉलिश पेपरची अरुंद पट्टी त्याभोवती धरून फिरवत गेलो आणि दर थोड्या वेळाने बसवून पाहिले. टेननवर पेन्सिलीचे शिसे चोळले की ते जिथे घट्ट घासते तिथेच शिसे पुसले जाते, त्यामुळे नेमके कुठे कमी करायचे ते दिसते. टेनन आत पूर्ण बसल्यावर त्याच्या टोकापुढे फारशी पोकळी राहू देऊ नये, कारण धूर तिथे गोल फिरतो, त्यातली वाफ थंड होते आणि ओढताना पाण्याचा गुडगुड आवाज येतो. माझी पोकळी एका मिलिमीटरची राहिली.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली: मान आणि दांडी वेगवेगळी घासायची नसतात. मी पहिल्या पाइपला तसे केले होते आणि दोन्हींच्या कडा गोल होऊन सांध्यावर खोबण पडली होती. या वेळी दांडी बसवून ठेवली आणि कानस सांध्यावरून सलग चालवली, तेव्हा लाकूड कुठे संपते आणि एबोनाइट कुठे सुरू होते हे बोटाला कळेनासे झाले.

आकार मी साधाच निवडला, सरळ मानेचा आणि उभ्या वाटीचा. जास्तीचे लाकूड करवतीने काढून टाकले, चौकोनाचा अष्टकोन केला, मग त्याच्या कडा मोडत गोलाकडे आलो. वाटीची भिंत सगळीकडे निदान ६ मिलिमीटर राहावी म्हणून कॅलिपर सतत हाताशी होता. सर्वांत अवघड ठरली ती वाटी आणि मान यांच्यामधली वळणाची जागा. तिथे सपाट कानस पोहोचत नाही आणि गोल कानस खड्डे पाडते. कानस कमी आणि पॉलिश पेपरची गुंडाळी जास्त वापरूनच ती जागा सुटली. या सगळ्या काळात नाकातोंडावर मास्क होता. लाकडाची बारीक धूळ हा किरकोळ त्रास नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांमध्ये गणली आहे.

२२० नंबरच्या पॉलिश पेपरवर आलो (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) तेव्हा वाटीच्या उजव्या अंगाला मोहरीएवढा काळा खड्डा उघडा पडला. ब्रायर जमिनीत वाढते, त्यामुळे असे दोष आत कुठे दडले आहेत हे कोणालाच आधी कळत नाही. लाकडाची पूड आणि गोंद यांनी तो बुजवता आला असता, पण भरलेली जागा रंग घेत नाही आणि डागासारखी वेगळी दिसत राहते. खड्डा उथळ होता, भिंत तिथे ८ मिलिमीटर जाड होती. मी तो तसाच ठेवला. मला तो आता आवडतो.

रंग स्पिरिटमध्ये विरघळणारा होता. आधी गडद थर दिला, तो घासून काढला, म्हणजे रेषांच्या मऊ भागात गडदपणा उरतो, आणि वर फिकट तांबूस थर दिला. रंग लागताच पेपरचे सगळे राहून गेलेले ओरखडे उठून दिसले, म्हणून पुन्हा २२० वर जाऊन ४०० आणि ६०० पर्यंत यावे लागले. शेवटी कापडी चाकावर कार्नोबा मेण चढवले. हे ब्राझीलमधल्या एका ताडवृक्षाच्या पानांवरचे मेण ८० अंश सेल्सिअसच्या पुढेच वितळते, म्हणून गरम होणाऱ्या वाटीला ते चालते. व्हार्निश मी लावले नाही. उष्णतेने त्याला फोड येतात.

स्नेह्यांनी पाइप हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे मऊ तार सरकवली. ती कुठेही न अडता वाटीच्या तळाशी, मधोमध निघाली. मग त्यांनी दांडीचे टोक दातात धरून पाहिले आणि ते जाड असल्याचे सांगितले. मोजले तर साडेपाच मिलिमीटर भरले. मी तिथेच बसून ते साडेचारपर्यंत आणले आणि आतले भोक टोकाशी पंख्यासारखे रुंद केले. पाइप गरम असताना दांडी ओढून काढू नका, नाहीतर मान तडकेल, हे त्यांनीच मला सांगितले. पहिले काही दिवस त्यांनी वाटी अर्धीच भरली, कारण कोऱ्या लाकडावर काजळीचा थर हळूहळू धरू द्यावा लागतो. दहा-बारा दिवसांनी त्यांनी माझ्यासमोर ती पूर्ण भरून संपवली आणि वाटी हातावर उलटी केली. तळातून करडी, कोरडी राख पडली. ओला तंबाखू एक काडीही नव्हता.