आमची वाटचाल: ब्राइन श्रिम्पच्या पिल्लांपासून हॅचिंगच्या लाइटपर्यंत

सुरुवातीला आम्ही लाइट बनवतच नव्हतो. शोभेच्या माशांची पैदास करणाऱ्यांना ब्राइन श्रिम्पची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, माशांच्या पिल्लांचं खाद्य) ताजी पिल्लं पुरवायची, एवढंच काम. पण हा माल टिकत नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या अंगात योक (अंड्यातला बलक) असतो, तोच माशाच्या बारीक पिल्लांना हवा असतो, आणि आठेक तासांत ते कात टाकून पुढच्या अवस्थेत जातं तोपर्यंत योक बराच संपलेला असतो, म्हणजे पिशवी भरून पाठवली आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी वापरली तर बराच फायदा वाटेतच गेला. म्हणून लोकांनी आपल्याकडेच हॅचिंग (अंड्यांतून पिल्लं काढणं) करावं असं आम्ही सांगायला लागलो, आणि अंडी (म्हणजे सिस्ट), मीठ, कोन (खाली निमुळतं होणारं भांडं), एअर पंप असा सेट द्यायला लागलो.

मग फोन सुरू झाले. एकाच डब्यातली अंडी, आमच्याकडे भरपूर फुटतात, त्यांच्याकडे कमी. मीठ बरोबर, तापमान २५ ते २८ अंशांच्या मधे, पीएच ८ च्या आसपास, हवा जोरात चालू, सगळं ठीक. विचारलं बरणी कुठे ठेवलीय, तर उत्तरं यायची कपाटात, टेबलाखाली, नाहीतर काळ्या ड्रममधे. लाइटबद्दल कोणी विचारच केलेला नसायचा, कारण अंड्याला उजेड कशाला लागेल असं वाटणं साहजिक आहे. पण लागतो.

हे नीट समजून घ्या. सुकं सिस्ट एका बाजूने चेपलेलं असतं, त्याच्यावर कितीही उजेड टाका, काही होत नाही. खाऱ्या पाण्यात तासा-दोन तासांत ते पाणी पिऊन गोल होतं, आणि तिथून पुढच्या पहिल्या काही तासांत जो उजेड मिळतो तो आतल्या जिवाला जागं करतो. पूर्ण अंधारात एकही फुटत नाही असं नाही, काही फुटतात, किती ते जातीवर पण अवलंबून आहे, पण कमी फुटतात आणि मागेपुढे फुटतात, मग एका वेळी काढायची म्हटलं की पंचाईत. शिवाय कवच तपकिरी असतं, त्यातून आत पोचणारा उजेड आधीच कमी झालेला असतो. ब्लीचने कवच काढलेल्या अंड्यांना तेवढा उजेड लागत नाही ते याचमुळे.

मग किती उजेड? एफएओचं (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) १९९६ सालचं लाइव्ह फूडचं, म्हणजे जिवंत खाद्याचं मॅन्युअल आहे, त्यात २००० लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) दिलंय आणि आम्ही तोच आकडा धरून चालतो. चांगला उजेड असलेल्या घरातल्या खोलीत साधारण काही शे लक्सच असतात, त्यामुळे "खोलीत ट्यूब चालू असते की" हे पुरत नाही. इथेच आमच्या कामाला वळण लागलं. बाजारात लाइट वॅटवर विकला जातो आणि वॅट म्हणजे वीज किती खातो एवढंच, पाण्यावर किती उजेड पडतो ते त्यातून कळत नाही. छोटा बल्ब दुप्पट लांब नेला तर उजेड चौथाईवर येतो. लक्स मीटर घेतला, पाण्याच्या पातळीला धरून मोजायला लागलो, आणि तेव्हापासून वॅट सांगून लाइट विकणं आम्ही बंद केलं. आमच्या प्रत्येक लाइटवर लिहिलेलं असतं की इतक्या अंतरावर इतके लक्स.

जुना पिवळा बल्ब आम्ही कोणालाच सुचवत नाही. थंड खोलीत तोच पाणी पण गरम ठेवतो म्हणून बरेच जण वापरतात, मान्य, पण मग लाइट बंद केला की पाणी गार, आणि जवळ आणला की पाणी तापतं, आणि पाणी ३३ च्या वर गेलं की अंड्याच्या आतलं काम थांबतं. ऊब हीटरने द्या, उजेड एलईडीने द्या, दोन्ही वेगळे ठेवा. थेट उन्हाचंही तेच, उजेड भरपूर मिळतो पण छोटी बरणी बघता बघता तापते.

निळा, लाल, यूव्ही हवाय असे मेसेज रोज येतात. आम्ही साधा पांढरा देतो. यूव्ही तर देतच नाही, जिवंत पेशींना ते घातक असतं आणि डोळ्यांना पण.

लाइट कितीही चांगला असला तरी तो अंड्यापर्यंत पोचला पाहिजे. कोन पारदर्शक हवा, आणि हवा तळातून अशी चालली पाहिजे की प्रत्येक अंडं फिरत फिरत उजेडात येईल. लिटरला २ ग्रॅमच्या वर अंडी टाकली की ती एकमेकांवर सावली करतात, फेस होतो, ऑक्सिजन पण कमी पडतो. नियमाने बघितलं तर लाइट पहिल्या काही तासांचाच, पण आम्ही सांगतो शेवटपर्यंत चालू राहू द्या, त्याने नुकसान काही नाही आणि वेळ लक्षात ठेवायची कटकट नाही.

आमच्या बनावटीत सगळ्यात जास्त मेहनत गेली ती मिठावर. बुडबुडे फुटतात, बारीक खारे थेंब उडतात, आणि उघडी एलईडी पट्टी गंजते. म्हणून आम्ही पट्टी बंद नळीत सील करतो, १२ व्होल्टवर चालवतो, ॲडॉप्टर पाण्यापासून लांब ठेवायला सांगतो. वायरला प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच टपकेल, प्लगपर्यंत जाणार नाही. हे कृपया कोणी टाळू नका.

आणि घेण्याआधी स्वतः तपासा. एकाच डब्यातली अंडी, दोन सारख्या बरण्या, शेजारी शेजारी, एक उजेडात आणि एक काळ्या कापडात गुंडाळून. २४ तासांनी दोन्हीतून थोडं थोडं पाणी घेऊन पिल्लं मोजा. दोन्हीकडे सारखीच कमी निघाली तर बाकीचं सगळं बरोबर असताना दोष बहुतेक अंड्यांचा आहे, जुनी असतील किंवा डब्यात ओल गेली असेल, तिथे आमचा लाइट काही करू शकत नाही आणि आम्ही तो तुम्हाला देणार पण नाही.

काढणीसाठी वेगळा लाइट आहे का असं पण विचारतात. पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून हवा बंद करायची, वरचा भाग झाकायचा, खाली तळाजवळ उजेड धरायचा, पाच-दहा मिनिटांत रिकामी कवचं वर तरंगतात आणि नारिंगी पिल्लं खाली गोळा होतात. तळाशी बसलेली न फुटलेली अंडी आधी थोडी सोडून द्या, मग पिल्लं काढा, आणि उशीर करू नका, दाटीत त्यांचा ऑक्सिजन संपतो. याला घरातली साधी टॉर्च पुरते, म्हणून तो लाइट आम्ही बनवलेला नाही.